उमेळ्याला दिलेले चौदा बांगडे

उर्सुलाबाय,

सुनेने परवा गोठवलेल्या सुरमईची सहा पाकिटं आणून फ्रीजच्या वरच्या खणात भरली. कापलेली, धुतलेली, वर चित्र छापलेलं. रोजच्या जेवणाला हे आणावं की नाही यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालू आहे आणि मी तोंड उघडलेलं नाही. मला मत विचारलं की तुझं जस्ताचं खोकं डोळ्यांसमोर येतं आणि मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. या वयात असं उठून जाणं शोभत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. गोष्ट तुझी आहे, तेव्हा तुझ्या बाजूने सांगते आणि त्यातला ‘मी’ काढून टाकते. ‘मी’ आला की माणूस आपलंच सावरत बसतो. त्यातली प्रमोदिनी कोण, हे तुला सांगायला नको.

उर्सुला पाचूबंदरची. माहेर तिथलंच आणि सासरही तिथलंच. मध्ये चार घरं आणि जाळी वाळत घालायचे दोन मांडव, एवढंच अंतर. नवव्या वर्षी आईच्या मागून डोक्यावर पाटी घेऊन निघाली ती निघालीच. नवरा ऑगस्टीन लढाईच्या वर्षांत तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. राहिली ती आणि तिची सासू जुलियाना. दोघी सकाळी भांडायच्या, संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणायच्या, आणि एकीला शिंक आली तरी दुसरीचा जीव वर-खाली व्हायचा.

उर्सुलाची अकरा घरं ठरलेली होती. पहिली सांडोरला, मग पापडीवरून पुढे, आणि शेवटचं उमेळ्याला काशिनाथभाऊंचं, केळीच्या वाडीतलं. तिथे ती एकोणीस वर्षं मासळी घालत होती. ओटीवर बसायची, पाणी मागायची, घरातलं सगळं तिला ठाऊक असायचं. पण ओटीपलीकडे, माजघरात, तिने कधी पाय टाकला नव्हता. कोणी मनाई केली होती असं नाही. कोणी या असंही म्हटलं नव्हतं.

बर्फाचं खूळ तिने एक्कावन्न सालात घेतलं. मुंबईहून एक लॉरी मासळीच्या पेट्या आणि बर्फाच्या लाद्या घेऊन वसईला येऊ लागली होती. उर्सुलाने चहाचं रिकामं खोकं मिळवलं, त्याला आतून जस्ताचा पत्रा मारून घेतला, पत्र्याच्या मागे भाताचा तूस भरला आणि वर गोणपाट. किनाऱ्यावरच्या बायकांना दोन आठवडे पुरेल एवढी करमणूक झाली.

“बर्फात मुडदा ठेवतात गो उर्सुले,” शेजारची रोझी म्हणाली, “मासोळी कोन ठेवतो?”

“मासोळी मुडदाच असते, रोझी. तुज्या पाटीतली काय नाचते?”

रोझी हसली, पण खोक्याला हात लावायला तयार होईना.

उर्सुलाचा हिशोब सरळ होता. होड्या रोज जात नाहीत. वारा उलटला की नाही, पाऊसकाळात नाही, शिमग्याला तर चार दिवस होड्या किनाऱ्याला ओढलेल्याच. हिंदू खलाशी येत नाहीत म्हणून ख्रिस्ती तांडेलही होडी काढत नाही. आणि नेमकी धुळवडीला वाड्यांमधल्या घरांना मासळी हवी. त्या दिवशी जी बाई मासळी घेऊन दारात उभी राहील तिचं घर वर्षभर पक्कं. बर्फ नसेल तर कुठून आणणार?

उमेळ्याची सुमनताई, काशिनाथभाऊंची बायको, दोन वर्षं बधली नाही. बर्फातलं पापलेट हातात घ्यायची, अंगठ्याने डोळा दाबायची आणि परत पाटीत टाकायची.

“याला मोतीबिंदू झालाय गो. आंधळी मासळी मी घेत नाही.”

“बर्फाने डोला तसा दिसतो, बाय. मांस बघ, कसं घट्ट.”

“घट्ट काय, दगडही घट्ट असतो. अडीअडचणीला एखादे वेळी ठीक. रोजच्या जेवणाला हे चालायचं नाही. समुद्र काय लांब आहे आपल्याला?”

“समुद्र लांब नाय. पन शिमग्याला समुद्र बंद.”

इथे प्रमोदिनी मध्ये पडायची. ती सुमनताईची धाकटी. मुंबईला कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होती, हॉस्टेलवर राहायची, सुट्टीला घरी आली की सगळ्यांना शहाणं करायची. “आई, परदेशात लोक वर्षभर बर्फातलं खातात. थंडीत जंतू वाढत नाहीत. हे शास्त्र आहे.” हे बोलताना ती उर्सुलाकडे बघायची आणि उर्सुला मान डोलवायची. शिकलेल्या मुलीने आपली बाजू घेतली याचं तिला फार अप्रूप वाटायचं. इतर घरांत ती सांगायची, उमेळ्याची कॉलेजवाली पोरगी बर्फाला चांगलं म्हणते.

शेवटी त्रेपन्न सालच्या शिमग्याला सुमनताई कबूल झाली. घरात सून होती लीला, तिला सातवा लागला होता. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलेलं, म्हणून घर सगळं तिच्याभोवती श्वास धरून होतं. धुळवडीला तिच्या माहेरचं कोणी येणार होतं आणि ताटात मासळी नाही हे बरं दिसलं नसतं. “आण तुझं बर्फातलं,” सुमनताई म्हणाली. “पण उर्सुले, घरात पोटुशी आहे.”

“माज्यावर सोड,” उर्सुला म्हणाली.

होळीच्या दिवशी लॉरी सकाळी अकराला यायची ती चारला आली. वाटेत कुठेतरी तापून बंद पडली होती. पेटीत पापलेट नव्हतं, बांगडे होते, रत्नागिरीकडचे. उर्सुलाने झाकण काढून हात घातला आणि हात तिथेच थांबला. बर्फाचा एक खडा उरला नव्हता. पाणी कोमट होतं.

तिने वास घेतला. वास नव्हता. पाठीवर बोट दाबलं, खड्डा पडला नाही. कल्ले उचकले, फिके होते, पण पाण्यात पडून राहिले की होतातच. आता एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वसईच्या बाईला बोंबील डोळे मिटून कळतो, पापलेट कळतं, घोळ, मांदेली कळते. बोंबील बिघडला की बोटातून निसटतो. पापलेट खड्डा धरतं. बांगडा मात्र त्या किनाऱ्यावर पाहुणा. क्वचित जाळ्यात यायचा. उर्सुलाने पापलेटाची परीक्षा बांगड्याला लावली आणि बांगडा पास झाला. तिने पेटीतलं पाणी ओतून दिलं, मासळी जस्ताच्या खोक्यात रचली, वर नवी लादी फोडून घातली. सकाळी बघते तो एकेक बांगडा लोखंडासारखा. मनात जे काही खुटखुटत होतं ते त्या गारठ्याने बंद झालं.

उजाडता निघाली. पेटीत सोळाच होते, म्हणून बाकीच्या घरांना काही न देता चौदा बांगडे उमेळ्याला पोचवले. सुमनताईने डोळा दाबून बघितला आणि घेतले. प्रमोदिनी आंगणात आधीच गुलालाने माखलेली, ती लांबून ओरडली, “बघितलंस आई, किती छान आहेत.” उर्सुला खुशीत परत फिरली. पोटाला चिरलेले दोन लहान बांगडे तिने घरी ठेवले होते.

ती पोचली तेव्हा साडेनऊ होऊन गेले असतील. जुलियानाने एक बांगडा तव्यावर परतून भाकरीशी खाल्लाही होता. दुसरा सुनेसाठी तव्यात होता. उर्सुलाने हातपाय धुतले, उकिडवी बसली, घास तोंडात घातला आणि जिभेला चरचर लागली.

“मिरी घातलीस काय आये?”

“मिरी कुठली घरात? मीठ-हळद लावलीय.”

“तिखट लागतो.”

“मला पन लागला,” जुलियाना म्हणाली. “म्हटलं रत्नागिरीवाल्याचा मासा, असंल तसाच.”

उर्सुलाने वर बघितलं. म्हातारीचं तोंड लाल झालं होतं. उन्हाने होतं तसं नाही; गळ्यापासून कानापर्यंत, शेंदूर फासल्यासारखं. डोळे लाल. हातांवर गांधी उठत होत्या. उर्सुलाने तोंडातला घास थुंकला.

“आये, तुला काय होतंय?”

“काय नाय. छातीत जरा धडधडतंय.” असं म्हणून ती उठली, दारापर्यंत गेली, चौकटीला धरून ओकली आणि तिथेच खाली बसली.

उर्सुलाने तिला भिंतीला टेकवलं. म्हातारीच्या मनगटात नाडी इतकी जोरात उडत होती की कातडीखाली काहीतरी जिवंत अडकलंय असं वाटावं. पाणी पाजलं, ते बाहेर आलं. उर्सुलाने रोझीला हाक मारली. एवढ्या वर्षांत तिने समुद्रावरून न आलेली माणसं बघितली होती, फुगून आलेली बघितली होती. पण ते समुद्राचं काम होतं. हे तिच्या हाताचं होतं. तिच्या खोक्यातलं.

आणि मग तिला उमेळं आठवलं.

बारा वाजता पानं मांडतील. रंग खेळून, अंघोळी करून, घरातले सगळे एका पंगतीला. चौदा बांगडे. लीलाच्या ताटात पहिला. पोटुशीला पहिला वाढतात.

म्हातारीला सोडून जायचं? ती परत येईपर्यंत ही राहील का? आणि गेली, जाऊन सांगितलं, की माझी मासळी विषारी आहे, तर मग अकरा घरांपैकी कोण तिला दारात उभं करील? हेही तिच्या मनात आलं. तिने ते पुढे स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, लपवलं नाही. एवढं एक मोजायला तिला जितका वेळ लागला तितका वेळ ती उंबऱ्यावर उभी होती.

जुलियानाने डोळे उघडले. “त्या घरी कितीला जेवतात?”

“बाराला.”

“मग हितं काय बघतेस?”

“तुला टाकून—”

“मला साठावर झाली. रोझी हाय, काय झालं तर फादरला बोलावंल. त्या पोरीच्या पोटात काय हाय ते अजून जगात आलंय काय? जा गो. तुज्या हातचं हाय ते, दुसरं कोन जानार?”

उर्सुला निघाली.

धुळवडीच्या दिवशी टांगे नसतात. टांगेवाले गुत्त्यावर, घोडे तबेल्यात. दीड तासाची वाट; ती अर्धी पळत, अर्धी चालत निघाली. पायाखालची वाळू तापायला लागली होती. चालताना ती ‘नमो मरिये’ म्हणत होती, पण प्रार्थना पुढे सरकत नव्हती. एकच ओळ फिरून फिरून यायची आणि मध्ये लीला यायची, पाटावर बसलेली, पहिला घास मोडणारी. सांडोरच्या वाड्यांतून ती गेली तेव्हा ओळखीच्या बायका ओट्यांवरून हाका मारत होत्या. तिने मान वर केली नाही.

पापडीच्या तलावाजवळ रस्त्यावर दोरी आडवी होती. दोन्ही टोकांना रंगलेले सात-आठ बाप्ये. शिमग्याचं पोस्त मागायला.

“मावशी, पोस्त काढ.”

“सोडा रे बाबांनो, काय नाय माज्याजवळ.”

“नाय कसं? पाटी नाय, खोका नाय, मासळी सगळी विकून आली मावशी. शेठाणी आहे आज.”

“बर्फवाली ती,” दुसरा म्हणाला. “हिला हात लावू नका, गारठाल.”

सगळे हसले. कोणीतरी तिच्या तोंडाला रंग फासला. उर्सुलाने दोरी दोन्ही हातांनी धरली आणि तिला बोलताच येईना. हसणं हळूहळू थांबलं.

“माज्या मासळीने माझी सासू मरते घरात,” ती शेवटी म्हणाली. “तीच मासळी उमेळ्याला दिलीय. पोटुशी बाई हाय. बाराला जेवतात.”

दोरी खाली पडली. त्यांच्यातला एक, जगन्नाथ, पापडीला ज्याचं सायकलीचं दुकान होतं, काही न विचारता भिंतीला टेकवलेली सायकल घेऊन आला. “बस मागे.”

उर्सुला आयुष्यात सायकलीवर बसली नव्हती. लुगडं गुडघ्यात दाबून, जगन्नाथच्या ओल्या रंगीत सदऱ्याला दोन्ही मुठी आवळून ती बसली. लोक बघत होते. निळ्या-हिरव्या तोंडाची कोळीण आणि जांभळा बाप्या. धुळवडीला असली सोंगं निघतातच, लोक टाळ्या वाजवत होते. “वाजले किती?” ती दर दोन मिनिटांनी विचारत होती. जगन्नाथजवळ घड्याळ नव्हतं. तो सूर्याकडे बघून “होतील अजून,” एवढंच म्हणायचा. खड्ड्यात चाक आपटलं की तिला वाटायचं, आता. आता तिने घास घेतला.

काशिनाथभाऊंच्या दारात ती उतरली नाही, पडली. उठली आणि आंगण ओलांडून ओटीवर चढली. ओटीवर कोणी नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता आणि तळलेल्या मासळीचा वास.

एकोणीस वर्षांत जो उंबरा तिने ओलांडला नव्हता तो तिने कधी ओलांडला हे तिला कळलं नाही. माजघर, पुढे स्वयंपाकघर. लीला पाटावर बसलेली, पोटामुळे एक पाय पसरून, हातात घास. उर्सुलाने वाकून तिच्यापुढचं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीवर भिरकावलं.

आमटी भिंतीवरून ओघळली. वाटी गडगडत चुलीपर्यंत गेली. सणाच्या दिवशी, सातव्या महिन्यातल्या सुनेपुढचं भरलं ताट.

“उर्सुले,” सुमनताई म्हणाली, अगदी खालच्या आवाजात. “काय केलंस तू हे?”

“बांगडा खाऊ नको. थुंक, पोरी, थुंक. माझी सासू मरते तिकडे.”

“तिच्या ताटात बांगडा कुठाय?”

उर्सुलाने भिंतीकडे बघितलं. खाली पडले होते ते सोडे. वाळवलेल्या कोळंबीची आमटी, सोड्याची.

“बर्फातलं मी हिला देईन काय?” सुमनताई म्हणाली. “सात महिने जपलेलं पोट. पाहुण्यांसाठी तळलेत ते, ते यायचे आहेत अजून. हिला भूक धरवत नाही म्हणून आधी वाढलं, घरचे सोडे.”

लीला हात तसाच धरून बसली होती. उर्सुला तिच्यापुढे जमिनीवर बसली. काही वेळ तिला एवढंच कळत होतं की त्या घासात बांगडा नव्हता. सुमनताईच्या अडाणी हट्टाने दोन जीव वाचले होते, आणि ज्या हट्टाला ती दोन वर्षं हसत आली होती तोच हा हट्ट.

मग तिने विचारलं, “म्हणजे कोनी नाय खाल्ला?”

सुमनताईची नजर मागच्या दाराकडे गेली. तिथे प्रमोदिनी उभी होती, अंघोळ करून, ओले केस सोडून. तळताना तव्याशेजारी बसून तिने गरम गरम तीन खाल्ले होते, आईला दाखवायला. “मिरी किती घातलीस,” असंही म्हणाली होती.

“तुला किती वेळा सांगितलं, तोंड घासून धू,” सुमनताई तिच्यावर खेकसली. “अजून रंग तसाच.”

“तीनदा धुतलं,” प्रमोदिनी म्हणाली. “जात नाही. आई, मला कसंतरी होतंय.”

तो रंग नव्हता हे त्या घरात फक्त उर्सुलाला ठाऊक होतं.

पुढचे चार तास लिहायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण थोडं लिहायला हवं. जगन्नाथ डॉक्टरला आणायला सायकल घेऊन परत पळाला. उर्सुलाने मिठाचं पाणी करायला लावलं, मुलीला मागच्या पडवीत नेलं, घशात बोटं घालून ओकवलं, पुन्हा पाजलं, पुन्हा ओकवलं. मुलीच्या अंगभर गांधी उठल्या. छाती अशी उडत होती की ती दोन्ही हातांनी दाबून धरत होती, जणू काही बाहेर पडेल. “मी मरते का ग उर्सुलाबाय?” ती एकदाच म्हणाली. शास्त्राबद्दल त्या दिवशी काही बोलली नाही. उर्सुला तिचे तळपाय चोळत होती आणि पाचूबंदरचा रस्ता डोळ्यांपुढून हलत नव्हता. तिथे एक, इथे एक. तिकडे काय झालं असेल? फादरला बोलावलं असेल? तिने उठायचं म्हटलं आणि मुलीने तिचं मनगट धरलं. ती बसून राहिली.

काशिनाथभाऊंनी वाडीत केळीच्या बुंध्याशी खड्डा खणला आणि उरलेले अकरा बांगडे राख घालून पुरले, मांजरांनी उकरू नयेत म्हणून वर धोंडा ठेवला. लीलाने भिंत पुसली. सुमनताईने उर्सुलाला एक शब्द बोलून दाखवला नाही. तिने पडवीत तांब्याभर पाणी आणून ठेवलं, आणि थोड्या वेळाने बघितलं तर ते तसंच होतं, तेव्हा म्हणाली, “पी गो. दोन माणसं आजारी पुरेत.”

चार वाजता डॉक्टर आले तोवर लाली ओसरली होती. नाडी बघितली, जीभ बघितली. मासळीची बाधा, उतरली, म्हणाले. उद्यापर्यंत पेज द्या. उर्सुलाने विचारलं, “डॉक्टर, म्हातारं मानूस असेल तर?” डॉक्टरांनी बॅग बंद केली. “म्हाताऱ्या माणसाचं सांगता येत नाही.”

ती एकटीच चालत निघाली. सकाळी जितकी घाई होती तितके आता पाय मागे ओढत होते. पाचूबंदर दिसू लागलं तेव्हा ती थांबलीच. तिच्या दारात बायका जमल्या होत्या. दहा-बारा, डोक्यावर पदर. आवाज नव्हता. उर्सुलाने गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि तशीच उभी राहिली, कारण पुढचं पाऊल टाकलं की कळणार होतं.

मग त्या घोळक्यातून जुलियानाचा आवाज आला. ती रोझीला सांगत होती की तवा राखेने घासायचा असतो, मातीने नाही, आणि तुझ्या आईने तुला काही शिकवलं नाही हे मला आधीपासून ठाऊक होतं.

उर्सुला आत गेली. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती, तोंड उतरलेलं, ओठ कोरडे.

“पोरगी?”

“बरी हाय. पोटुशीने खाल्लाच नव्हता.”

“मग आता थरथरतेस कशाला?” जुलियाना म्हणाली. “बस हितं. आनि तोंड धू, निळं झालंय.”

आठ दिवस उर्सुला उमेळ्याला गेली नाही. नवव्या दिवशी होड्यांतून आलेले बोंबील घेऊन गेली. ओटीवर बसली. सुमनताईने बोंबील घेतले, नेहमीसारखे, मोजून. उर्सुलाने बर्फाचं नाव काढलं नाही, सुमनताईनेच काढलं. “बर्फ वाईट असं मी म्हणत नाही,” ती म्हणाली. “पण बर्फात घालायच्या आधी काय झालं ते बर्फ सांगत नाही ना.”

“तेच तर,” उर्सुला म्हणाली. तिने ही गोष्ट आठ दिवस तशीच मनात घोळवली होती. मग तिने प्रमोदिनीकडे वळून, जपून, जशी ठेवायला दिलेली वस्तू मागावी तसं म्हटलं, “बाय, तुज्या कॉलेजात मोठे मास्तर असतील, मासोळीतलं कळनारे. त्यांना एवढं विचारशील? बांगडा बाधनारा हाय हे शिजवायच्या आधी कसं वळखायचं. वासाने नाय कळत, बोटाने नाय कळत. काहीतरी असंल ना. ते कळल्याबिगर मी खोका काढनार नाय.”

“विचारते,” प्रमोदिनी म्हणाली. “सोमवारीच विचारते.”

मे महिन्यात उर्सुलाने पाटी उतरवायच्या आधी विचारलं, “काय म्हनाले मास्तर?” परीक्षा होती, म्हणून राहिलं. लीलाला मुलगा झाला, बारशाला उर्सुलाने पापलेट आणलं, ताजं, आणि दारातून विचारलं. दिवाळीला विचारलं. पुढच्या शिमग्याला ती रिकामी आली, होड्या किनाऱ्याला होत्या म्हणून. सुमनताईने तिला ओटीवर न बसवता आत नेलं आणि पुरणपोळी वाढली. तेव्हा तिने विचारलं नाही. नुसतं बघितलं.

दोन वर्षांत रोझीने स्वतःचं खोकं करून घेतलं. मग इतर बायकांनीही. पाचूबंदरची निम्मी मासळी बर्फावर जाऊ लागली आणि ज्या बाईने सगळ्यांच्या आधी जस्ताचा पत्रा मारून घेतला होता ती डोक्यावर ताजी पाटी घेऊन, मिळेल त्या दिवशी, पायी अकरा घरं करत राहिली. पुढे नऊ झाली. मग सहा. खोकं घराच्या कोपऱ्यात पालथं होतं. जुलियाना त्यावर बसून जाळी विणायची. कोणी मागितलं तर उर्सुला म्हणायची, जबाब यायचाय, मग काढते.

कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती, जिन्याच्या उजव्या हाताला. दाराशी बरणीत मासे ठेवलेले असायचे. आतले सर शांत स्वभावाचे होते, मुलींनी काही विचारलं तर खुर्ची पुढे करायचे. मुंबईच्या मुलींसमोर कोळणीचा बांगड्याचा प्रश्न विचारायचा कसा, एवढंच आड येत होतं. प्रमोदिनी चार वर्षं रोज दोनदा त्या दारावरून गेली.